शंका-समाधान : किंमत उतरते, खर्च उतरत नाही

या महिन्याच्या टपालात बोरी अरब, दारव्हा, नेर, दिग्रस, पुसद आणि यवतमाळ इथून आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावर आहेत : जुनी, मोठ्या कंपनीची डिझेल मोटार घ्यावी का, आणि घेतली तर सांभाळावी कशी? समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी नागपूर ते मुंबई असा पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. लांबचा प्रवास गाडीने करणाऱ्यांची संख्या त्यामुळे आपल्या भागातही वाढली आहे. सारख्या शंका एकत्र करून सात शंकांना इथे सविस्तर उत्तरे देत आहे.

शंका १. आमची कापूस-सोयाबीनची शेती आहे. पुण्यात २०१३ ची बीएमडब्ल्यू ५२०डी साडेनऊ लाखांत मिळते आहे. तेवढ्याच पैशांत नवी छोटी गाडी येते. रोजचे जाणे-येणे शेत आणि दारव्हा, महिन्यातून एक-दोनदा नागपूर किंवा पुणे. कोणती घ्यावी? – एक शेतकरी, बोरी अरब

साडेनऊ लाख ही या गाडीची आजची विक्रीची किंमत आहे. नवी असताना ती चाळीस लाखांच्या पुढे होती आणि तिचे ब्रेक, सस्पेन्शन, इंजेक्टर, हेडलाइट, गिअरबॉक्स आजही त्याच वर्गाच्या भावाने मिळतात. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, सुट्या भागांची मात्र उतरत नाही. म्हणून खिशात साडेनऊ लाखच असतील तर ही गाडी घेऊ नका. गाडीच्या किमतीचा निदान चौथा हिस्सा पहिल्या दोन वर्षांच्या कामासाठी वेगळा काढून ठेवता येत असेल, तरच पुढचा विचार करा. हप्त्यावर गाडी आणि उधारीवर दुरुस्ती, असे मुळीच करू नका.

आता इंजिनाचे बघू. २०१३ च्या ५२०डी मध्ये एन४७ हे दोन लिटरचे इंजिन असते. ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही उत्तम. पण त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन किंवा तिचे प्लास्टिकचे गाइड झिजले, तर तिथे पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन जाते. गाडी बघायला सकाळी जा आणि बोनेटवर हात ठेवून इंजिन रात्रभर थंड होते याची खात्री करून घ्या. मग चालू करा. केबिनच्या बाजूने खरखर किंवा साखळी घासल्यासारखा आवाज आला, तर सौदा तिथेच थांबवा. २०१४-१५ च्या सुमारास त्या जागी बी४७ इंजिन आले. चेन त्यातही मागेच आहे, पण रचना सुधारलेली आहे. दोन्हींत निवड असेल तर वर्ष थोडे पुढचे घ्या.

सर्व्हिस बुकवर विसंबू नका. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधून पूर्ण नोंद काढा : कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणते काम झाले आणि कंपनीच्या कुठल्या मोफत दुरुस्त्या बाकी आहेत. मीटर मागे फिरवणे सोपे आहे, वर्कशॉपच्या नोंदी बदलणे अवघड. नोंद दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर ती गाडी कितीही चकचकीत असली तरी सोडून द्या.

तुमच्या वापराविषयीही सांगतो. या गाड्यांचे अधिकृत वर्कशॉप तुम्हाला नागपूरलाच गाठावे लागेल. गाडी बंद पडली तर तिला ओढून नेता येत नाही, फ्लॅटबेडवर चढवून न्यावे लागते, आणि तो खर्च प्रत्येक वेळी तुमच्या अंगावर पडेल. यांतल्या बऱ्याच गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात. ते महाग असतात आणि पंक्चरच्या साध्या दुकानात त्यांचे काम नीट होत नाही. पांदण रस्त्यावर खालचे आवरण घासणार, हेही गृहीत धरा. तुमचे रोजचे काम शेताचे आहे. त्यासाठी नवी छोटी गाडी घ्या. घरात दुसरी गाडी आधीच असेल आणि ही फक्त लांबच्या प्रवासाला हवी असेल, तर स्कोडा सुपर्बची २.० टीडीआय बघा. ती छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा इथल्या कारखान्यात जुळवली जायची. मागच्या सीटवरची जागा मोठ्या जर्मन गाड्यांच्या तोडीची, आणि खर्च त्यांच्यापेक्षा कमी. फक्त तिच्या सहा गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सचे तेल दर साठ हजार किलोमीटरला बदलल्याची पावती मागा.

शंका २. दिल्लीच्या गाड्या आपल्यापेक्षा फार स्वस्त मिळतात. एजंट म्हणतो, एनओसी घरपोच देतो. घ्यावी का? – एक व्यापारी, दारव्हा

त्या स्वस्त का, हे आधी समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीत काही सवलत मिळाली, तरी तिथल्या मालकाच्या मनातली धास्ती गेलेली नाही. म्हणून नऊ-दहा वर्षांची चांगली डिझेल गाडीही तिथे पडत्या भावाने निघते. तुमच्यासाठी ती संधी ठरू शकते, पण कागद पक्के असतील तरच.

पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी करा. वाहन पोर्टलवर गाडीची नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, ते पाहा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र घ्या. यवतमाळ आरटीओच्या नावाने काढलेली एनओसी, म्हणजे फॉर्म २८, प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. थकलेले चलान एनओसी अडवते, तेही आधीच भरून घ्यायला लावा.

गाडी इकडे आली की एमएच-२९ चा नंबर घ्यायचा आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरायचा. एजंट नेमके हेच सांगत नाहीत. हा कर गाडीच्या मूळ किमतीवर ठरतो आणि वयानुसार कमी होतो. वीस लाखांवरच्या नव्या डिझेल मोटारीचा दर पंधरा टक्के आहे. मूळ किंमत पन्नास लाख असेल, तर वयाची सूट जाऊनही रक्कम मोठीच उरते. आरटीओत जाऊन आकडा आधी काढून घ्या आणि दिल्लीच्या भावात मिळवा. पुष्कळदा मुंबई-पुण्याच्या गाडीइतकाच हिशेब होतो. 'बारा महिने दिल्लीच्या नंबरवर चालते' हा सल्ला ऐकू नका. बारा महिन्यांची मुदत नव्या नंबरासाठी आहे. गाडी विकत घेतल्यावर ती नावावर करायचा अर्ज तीस दिवसांत करावा लागतो.

शंका ३. माझ्या २०१७ च्या डिझेल मर्सिडीजमध्ये डीपीएफचा दिवा वारंवार लागतो. मिस्त्री म्हणतात, फिल्टर काढून टाकू आणि सॉफ्टवेअर बदलू. करावे का? – एक डॉक्टर, नेर

करू नका. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली काजळी धरून ठेवणारी जाळी. ती भरत आली की इंजिन धुराचे तापमान साधारण सहाशे अंशांपर्यंत नेऊन काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी वीसेक मिनिटे एका वेगात मोकळ्या रस्त्यावर चालायला हवी. तुमचे जाणे-येणे घर ते दवाखाना असेल, तर जाळणे सुरू होते आणि गाडी बंद केल्यामुळे अर्ध्यावर राहते. त्या वेळी जादा सोडलेले डिझेल इंजिनच्या तेलात उतरते. तेलाची पातळी तपासून घ्या. तेल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले, तर ते लगेच बदला, नाहीतर बेअरिंग आणि टर्बो दोन्ही जातील.

उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली ठेवून गाडी यवतमाळपर्यंत किंवा जमल्यास समृद्धीवर सलग अर्धा तास चालवा. दिवा तरीही गेला नाही, तर स्कॅनर लावून प्रेशर सेन्सर, ईजीआर व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर तपासा. बरेचदा दोष तिथे असतो आणि शिक्षा फिल्टरला होते. तेल कमी राखेचे, मर्सिडीजच्या २२९.५१ किंवा त्यापुढच्या मान्यतेचेच घाला. ट्रॅक्टरच्या डब्यातले तेल या इंजिनात कधीही घालू नका, त्याची राख जाळीत बसते आणि ती जळून जात नाही.

फिल्टर काढणे बेकायदा आहेच. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. तुम्ही डॉक्टर आहात, तेव्हा तो धूर दवाखान्याच्या दारात नको, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

शंका ४. बीएस-६ गाडीत युरियाचे पाणी लागते म्हणतात. आमचे खताचे दुकान आहे. पोत्यातला युरिया शुद्ध पाण्यात विरघळवून घातला तर चालेल का? – एक दुकानदार, दिग्रस

अजिबात चालणार नाही. प्रश्न विचारल्याबद्दल मात्र तुमचे आभार, कारण ही चूक करणारे अनेक जण असतील.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झाले आणि डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत दहा भागांवर आले. बहुतेक मोठ्या डिझेल मोटारींत तेव्हापासून धूर स्वच्छ करणारी एससीआर यंत्रणा आहे. तिच्यात लागणारे डीईएफ किंवा ॲडब्लू म्हणजे अत्यंत शुद्ध युरियाचे ३२.५ टक्क्यांचे द्रावण. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि तो विषारी नायट्रोजन ऑक्साइडचे साधा नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर करतो. शेतीचा युरिया २०१५ पासून पूर्णपणे नीमलेपित आहे. लेपातले कडुनिंबाचे तेल, खतातले बाययुरेट आणि क्षार इंजेक्टर बंद पाडतात आणि कॅटॅलिस्ट कायमचा निकामी करतात. शेतकऱ्याला ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते ते सरकारी अनुदानामुळे. ते पिकाऐवजी इतरत्र वापरणे हा गुन्हा आहे आणि तुमचा परवानाही त्यात जाऊ शकतो.

बीएस-६ ट्रकांमुळे डीईएफ आता महामार्गावरच्या पंपांवर सहज मिळते. मोटारीला साधारण हजार किलोमीटरला एक-दोन लिटर लागते. सीलबंद डबा घ्या, सावलीत ठेवा, तारीख बघा. टाकी रिकामी होऊ देऊ नका, कारण ती संपल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही. आणि चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतले गेले, तर किल्ली फिरवू नका. टाकी आधी उतरवून धुवा. डिझेलसुद्धा खपाच्या पंपावरूनच भरा. रस्त्याकडेच्या टाकीतले स्वस्त 'बायोडिझेल' किंवा पाणी मिसळलेले इंधन या गाड्यांचा उच्च दाबाचा पंप खाऊन टाकते, आणि त्याचा धातूचा चुरा थेट इंजेक्टरपर्यंत जातो.

शंका ५. पावसाळ्यात अडाण नदीचे पाणी पुलावर, नाल्याचे पाणी रस्त्यावर येते. अशी गाडी पाण्यातून न्यावी का? आणि पुरात बुडालेली गाडी विकत घेताना ओळखावी कशी? – दोन वाचक, बोरी अरब

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात : नाही. या गाड्या बुटक्या असतात आणि बहुतेकींची हवा ओढण्याची नळी पुढच्या बंपरच्या उंचीवर असते. पाणी सिलिंडरमध्ये शिरले की ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागच्या जागी बसते. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पहिल्या वेळी वाचलेले इंजिन दुसऱ्या प्रयत्नात जाते. साध्या विम्यात अशा इंजिनाची भरपाई सहसा नाकारली जाते. इंजिन संरक्षणाची जोड घेतली असेल तरच ती मिळू शकते, म्हणून पॉलिसी घेताना ती लिहून घ्या. आणि पुलावरून पाणी वाहत असताना गाडी कोणतीही असो, थांबा. गाडी पुन्हा घेता येते.

दुसऱ्या प्रश्नाला तपशील हवा. डिसेंबर २०१५ ला चेन्नईत, सप्टेंबर २०२२ ला बंगळूरमध्ये आणि डिसेंबर २०२३ ला पुन्हा चेन्नईत महागड्या मोटारी मोठ्या प्रमाणात बुडाल्या. विमा कंपन्यांनी पूर्ण नुकसान धरलेल्या अशा गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. त्यांतली धोक्याची जागा म्हणजे गालिच्याखालचे कंट्रोल बॉक्स. बुडाल्यावर ते महिनोन्‌महिने चालतात आणि मग एकेक करून दगा देतात.

तपासणी अशी करा. प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज आहे का ते पाहा. डिक्कीतले आवरण उचला, अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांची बॅटरी तिथेच असते, आणि खाली गाळ बसलेला दिसतो. दिव्यांच्या काचांत बाष्प, एसी लावल्यावर कुबट वास, नवाकोरा गालिचा, या सगळ्या शंकेच्या खुणा आहेत. शेवटी विम्याचा मागचा दावा किती रकमेचा होता ते विचारा. मोठा दावा आणि त्याची कामे सांगता न येणारा विक्रेता असेल, तर गाडी घेऊ नका.

शंका ६. दोन वर्षांपूर्वी सुपर्ब विकली. फॉर्मवर सह्या करून दिल्या. अजून चलान माझ्या मोबाइलवर येतात. काय करू? – एक निवृत्त शिक्षक, पुसद

गुरुजी, हे काम उद्याच करा. कोऱ्या फॉर्मवर सही देऊन गाडी सोडणे हा विक्रेत्याच्या बाजूचा सर्वांत मोठा धोका आहे. आरटीओच्या नोंदीत नाव तुमचे असेल तर कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले : अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, गाडी प्रत्यक्षात कितीही हात फिरली असली तरी.

विक्रीची पावती, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, पैसे मिळाल्याचे बँकेचे पान एकत्र करा. त्यांसह यवतमाळ आरटीओला विक्रीची लेखी सूचना द्या, पोच घ्या आणि घेणाऱ्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. गाडी सापडत नसेल, तर पोलिसांतही लेखी कळवून ठेवा.

नव्याने विकणाऱ्यांसाठी नियम असा : राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर फॉर्म २९ ने चौदा दिवसांत विक्रेत्याने कळवायचे, फॉर्म ३० ने तीस दिवसांत घेणाऱ्याने नाव बदलायचे. दोघांनी एकाच दिवशी आरटीओत जाणे सर्वांत चांगले. घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करावा. नो क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यात पडणारा फरक घेणाऱ्याने धरून ठेवावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबरप्लेट बसली आहे का, तेही त्याच दिवशी बघून घ्या.

शंका ७. नव्वदच्या दशकातली, पुण्यात बनलेली मर्सिडीज ई २५० डी एका ओळखीच्या घरात उभी आहे. घेऊन चालती करावी असे फार वाटते. वेडेपणा आहे का? – एक अभियंता, यवतमाळ

वेडेपणा नाही. या गाडीला महाराष्ट्राच्या उद्योगात स्थान आहे. १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि १९९५ पासून टाटांच्याच टेल्को कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात डब्ल्यू१२४ मालिकेची मोटार तयार होऊ लागली. पुढे २००९ मध्ये कंपनी चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात गेली. म्हणजे परदेशी आलिशान मोटार भारतात बांधण्याची सुरुवात आपल्या पुण्यात झाली, आणि ई २५० डी त्या पहिल्या फळीतली.

तिचे पाच सिलिंडरचे अडीच लिटर इंजिन कॉमन रेलच्या आधीचे आहे. डीपीएफ नाही, एससीआर नाही, संगणकांचे जाळे नाही. डिझेल पंपाचे काम जाणणारा अनुभवी मिस्त्री तिला हाताळू शकतो. नव्या गाडीपेक्षा तुमच्या ठिकाणी तिची दुरुस्ती सोपी. पण रबराचे पाइप, सस्पेन्शनचे बुश, ब्रेकच्या नळ्या, एसी आणि आतली वायरिंग वयाने संपलेली असणार. उभ्या गाडीला थेट चालू करू नका. टाकी उपसा, फिल्टर आणि तेल बदला, इंजिन हाताने फिरवून बघा, मगच स्टार्टर.

कागदांत एकच मोठी बाब आहे. नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ ने तपासणी करून ती वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ५,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. व्हिंटेजचा दर्जा पन्नास वर्षांनंतर मिळतो, त्याला अजून वेळ आहे. मधल्या काळात नोंदणी तुटलेली असेल, तर दंडासह ती जोडता येते का, हे गाडी उचलण्याआधी आरटीओतून लेखी घ्या.

ही गाडी घ्या, पण रोजच्या कामाला नको. सगळ्याच वाचकांना हेच सांगणे आहे. गाडी आवडली की आपण किंमत विचारतो. त्याआधी तीन गोष्टी विचारा : हिची नोंद कुठे आहे, हिला दुरुस्त करणारा हात माझ्यापासून किती लांब आहे, आणि पहिल्या दोन वर्षांचे पैसे माझ्याकडे आज आहेत का? तिन्ही उत्तरे समाधानाची असतील तर चांगली मोटार जरूर घ्या. मेहनतीच्या पैशातून घेतलेल्या गाडीत घरची माणसे निर्धास्त बसून प्रवासाला जावीत, याहून मोठी अपेक्षा मी तुमच्या गाडीकडून करत नाही.